मामांचा तास

...तर जावईबापूंनी ते पुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि बजावलं, "आबा, हे तुम्ही वाचा. सासूबाईंना देऊ नका." इथवर आलो आणि काल आपण उठलो. आता मला सांगा, बायकोला देऊ नका म्हणून जावयानं दिलेलं पुस्तक माणसानं घरात ठेवायचं कुठं? मी ते कपाटाच्या मागं सारलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर आमची ही मागच्या पायरीवर बसलेली, मांडीवर ते पुस्तक, आणि नाक ओढत ओढत पानं उलटतेय. विहीर खणणाऱ्या दोन भावांची गोष्ट होती. धाकटा खाली उतरलेला, आणि थोरला वरचा दोर सोडून रागानं निघून जातो. झालं, हिला आपला भाऊ आठवला. बांधावरून भांडण झाल्यापासून त्याचं नाव आमच्या घरात निघत नव्हतं. हिने पुस्तक मिटलं, पिशवी भरली आणि मला काही न सांगता भावाच्या गावचा रस्ता धरला. परत आली ती भावाला घेऊनच. पुढं त्या मेहुण्यानं हक्काचा पाहुणा होऊन माझं डोकं किती खाल्लं ते वेगळं सांगेन. जावईबापूंकडे मी तक्रार केली तर ते एवढंच म्हणाले, "मी देऊ नका म्हटलं होतं."

मजा अशी की तेव्हा ते हिला जेमतेम एकदा भेटले होते. एका जेवणात त्यांनी ओळखलं की या बाईला काय वाचायला देऊ नये.

जे काल नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. जावईबापू म्हणजे माझ्या एकुलत्या एक लेकीचा नवरा. त्यांचं कॉमिकांचं दुकान आहे. कॉमिक म्हणजे चित्रांतून सांगितलेली गोष्ट. पानावर चौकटी, चौकटीत माणसं, माणसाच्या तोंडाजवळ एक फुगा आणि त्या फुग्यात त्याचं बोलणं. मी एका खोलीच्या शाळेत शिकलेला माणूस. आमच्या गुरुजींचं ठाम मत, की ज्याला अक्षर लागत नाही त्यानं चित्रं बघावीत. जावईबापूंनी माझ्या डोक्यातून ते मत हळूहळू उपटून काढलं. आता मी आधी चित्र बघतो, मग फुगा वाचतो. उलट केलं की ते शाळामास्तरासारखे खाकरतात.

आमची ही गेल्यावर मी लेकीकडे राहायला आलो आणि रोज दुकानात जाऊन बसायला लागलो. दुकान एका जिन्याखाली आहे. एका अंगाला किल्ल्या करणारा, दुसऱ्या अंगाला चष्मेवाला. आत दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं पोट आत घ्यायचं, दुसऱ्यानं मागं सरकायचं. भिंतीभर कप्पे, प्रत्येक नेहमीच्या गिऱ्हाइकाचा एक. नवे अंक आले की ज्याचे त्याच्या कप्प्यात. ताज्या छपाईचा वास आणि शेजारून किल्लीवाल्याच्या यंत्राची किरकिर. पहिले काही दिवस माझे दात शिवशिवायचे. मग सवय झाली.

नवं माणूस दुकानात शिरलं की जावईबापू त्याला काय आवडतं ते विचारत नाहीत. त्यांचं म्हणणं, आवडीच्या बाबतीत माणूस थापा मारतो. ते विचारतात, "शेवटचं कुठलं पुस्तक अर्धवट टाकलंत? कुठल्या पानावर?" समोरचा आधी ओशाळतो. मग सांगतो. कुणी सांगतो की दुसऱ्या मारामारीनंतर जांभया आल्या. कुणी सांगते की त्यातलं कुत्रं मरणार असं वाटलं आणि मिटून ठेवलं. माणूस कुठं थांबला यावरून हे जाणतात, त्याला काय द्यायचं आणि काय अजिबात द्यायचं नाही. त्यांचा स्वतःचा नियम एकच. शेवटच्या चौकटीपर्यंत स्वतः वाचल्याखेरीज कुठल्याही पुस्तकाची शिफारस करायची नाही. कितीही मोठा चित्रकार असो, कितीही गवगवा झालेला असो.

दुकानात येणारी सगळी पोरं त्यांना मामा म्हणतात. पोरं मोठी झाली, त्यांना दाढ्या आल्या, तरी मामाच. एकदा अंक पोचवायला आलेला माणूस म्हणाला, "मामा, अख्ख्या गावाचे मामा म्हणजे गावातल्या सगळ्या आया तुमच्या बहिणी. मग घरी बायको काय म्हणते?" माझी लेक मागं डबा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "बायको म्हणते, दोन भाचे कमी करा आणि वेळेवर जेवा." किल्लीवाल्यानं यंत्र बंद करून हसून घेतलं.

आता नातीचं सांगतो. तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पोर लहान होती तेव्हा शाळा सुटली की थेट दुकानात यायची. नव्या अंकांचा गठ्ठा फुटायच्या दिवशी तिथं पोरांची रांग असायची. ही मागून "बाबा, बाबा" करत घुसली की रांगेतली पोरं कुरकुरायची, हिला काय, हिला आधी मिळणार. जावईबापूंना वशिल्याची फार चीड. त्यांनी हुकूम काढला की घरी मी बाबा, दुकानात मी मामा. रांगेत उभं राहायचं आणि सगळ्यांसारखं मागायचं. आम्ही घरातले सगळे हसलो. पोरही हसली. आणि खरंच रांगेत उभी राहून गंभीर चेहऱ्यानं म्हणायला लागली, "मामा, माझा अंक." मी गावाकडे गेलो की पारावर हे नक्कल करून सांगायचो. लोक पोट धरून हसायचे.

दुसरी गोष्ट शटरची. संध्याकाळी दुकान बंद करताना ते शटर पुरतं ओढत नसत. कमरेच्याही खाली आणायचं, म्हणजे बाहेरच्याला वाटावं दुकान बंद झालं, आणि आत दिवा लावून स्टुलावर बसायचं, आणि आलेले नवे अंक शेवटच्या चौकटीपर्यंत वाचायचे. उद्या पोरांना सांगायचं असायचं ना. इकडे घरी ताटं मांडलेली. लेक पोरीला पाठवायची, जा, बाबांना घेऊन ये. घर अगदी जवळ, मधे एकच वळण. पोर जायची आणि थोड्या वेळानं एकटीच परत यायची. "येतायत," म्हणायची. मग ते यायचे, आमची जेवणं झाल्यावर.

पोर मोठी झाली. चित्रं काढायला लागली. औषधांच्या आणि खेळण्यांच्या खोक्यांवरची चित्रं काढायची नोकरी धरून दुसऱ्या शहरात गेली. बापलेकीचं भांडण असं कधी झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. नुसतं दोघांचं बोलणं लेकीच्या हातून जायला लागलं. फोनवर ती म्हणायची, "बाबांना सांग." इकडून हे म्हणायचे, "तिला सांग." माझी लेक म्हणजे त्या दोघांमधलं टपाल खातं. एकदा ती वैतागून म्हणाली, "उद्यापासून मी तिकीट लावणार आहे."

तर यंदा कॉमिकवाल्यांचं मोठं संमेलन जवळ आलं आणि त्यासाठी निघालेल्या नव्या पुस्तकांचे गठ्ठे दुकानात आले. एक गठ्ठा जावईबापूंनी सोडला आणि त्यांचा हात थांबला. मुखपृष्ठावर अर्धं ओढलेलं शटर, खालून येणारा उजेड, त्या उजेडात स्टुलाचे पाय आणि एक चपलांचा जोड. पुस्तकाचं नाव 'अर्धं शटर'. खाली नातीचं नाव. पोरीनं पुस्तक काढलंय याचा घरात कुणाला पत्ता नव्हता.

"आबा, या माझ्या चपला आहेत," ते म्हणाले. अंगठ्याजवळचा टाकासुद्धा हुबेहूब होता. ते पुस्तक घेऊन किल्लीवाल्याला दाखवून आले, मग चष्मेवाल्याला. पोरीनं माझ्या चपला छापल्या म्हणून सांगत फिरले. संध्याकाळी शटर अर्धं ओढून वाचायला बसले. शेजारच्या स्टुलावर मी होतोच.

सगळं पुस्तक एका लहान मुलीच्या उंचीवरून काढलेलं. शटरच्या खालून जेवढं दिसतं तेवढंच. दिवसभर येणारी गिऱ्हाइकंही तिनं तेवढीच काढलेली, नुसते बूट, सँडल, एखादी काठी. आणि आतला माणूस म्हणजे गुडघ्यापासून खाली. त्याचा चेहरा कुठंच नाही. जावईबापू वाचताना एकेक गोष्ट मला दाखवत होते, बोट चित्राला न लावता, वर धरून. "ही टाच बघा, आबा. माणूस वाचता वाचता हसला की टाच अशी उचलली जाते. हे तिनं कुठं बघितलं असेल? भलेभले पाय काढताना चुकतात." त्यांचा आवाज असा मी क्वचित ऐकलाय.

मग एक पान आलं. पानभर एकच चौकट. फ्रॉक घातलेली मुलगी गुडघ्यांवर हात ठेवून शटरपाशी वाकलीय. तोंड उघडं आहे. तोंडाजवळ मोठा फुगा, आणि फुगा रिकामा.

त्यांनी पुस्तक दिव्याकडे तिरकं धरलं. मग म्हणाले, "शाई बसली नाही." दुसरी प्रत उघडली, तेच पान काढलं, फुगा रिकामा. तिसरी प्रत, तेच. सगळा गठ्ठा त्यांनी असा तपासला आणि डोक्याला हात लावून बसले. या धंद्यात छपाई बिघडलेली दिसली की पुढं वाचायचं नसतं. गठ्ठा बांधायचा आणि परत पाठवायचा. त्यांनी सुतळी घेतली, गठ्ठा बांधला, वर लाल अक्षरात 'छपाई दोष, परत' असं लिहिलं. प्रकाशकाला तिथूनच फोन लावला आणि त्याला झापलं. पोरीचं पहिलं पुस्तक, तिच्या तोंडचं वाक्यच गायब, हे असं संमेलनात गेलं तर लोक काय म्हणतील, सगळ्या प्रती थांबवा. तो काहीतरी सांगू बघत होता. यांनी त्याला बोलू दिलं नाही. फोन ठेवून मला म्हणाले, "बरं झालं माझ्या नजरेला आधी आलं." पोरीची अब्रू वाचवली म्हणून खूश होते बिचारे.

जेवताना त्यांनी हे लेकीला सांगितलं. ती वाढत होती, ती थांबली.

"ती चूक नाहीये," ती म्हणाली.

यांनी तिला समजवायला सुरुवात केली, की सगळ्या प्रती बघितल्या, फुगा काढलाय म्हणजे त्यात अक्षर हवं. लेकीनं भांडं खाली ठेवलं आणि खुर्ची ओढून बसली. तिचं बोलणं मी आहे तसं सांगतो, मधे माझं काही घालत नाही. "शटर वर असलं की तुम्ही मामा. घरी आलात की बाबा. अर्ध्या शटरपाशी उभं राहून पोरीनं काय हाक मारायची? ती मला येऊन विचारायची, आई, आता दुकान आहे का नाहीये? मी म्हणायचे, काहीही म्हण पण त्यांना घेऊन ये. ती जाऊन उभी राहायची. आणि परत यायची."

जावईबापूंनी घास खाली ठेवला. मग उठून हात धुतले आणि बराच वेळ नळ बंद करायचं विसरले. मीच जाऊन बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपल्या हातानं गठ्ठा सोडला, लाल अक्षरांचा कागद फाडला, प्रकाशकाला पुन्हा फोन केला की चूक माझी, छपाई बरोबर आहे. पण तोवर त्या माणसानं नातीला कळवलं होतं. कळवलं ते कसं, तर तुमच्या वडिलांनी तुमचं पुस्तक खराब म्हणून परत पाठवलंय.

पोरीचा फोन आला तेव्हा लेक भाजी निवडत होती, म्हणून तिनं फोन ओट्यावर मोठ्या आवाजात लावून ठेवला. जावईबापू दाराशी. नात रडली नाही, चिडली नाही. ते जास्त वाईट. ती म्हणाली, "बाबांना विचार, कुठल्या पानावर थांबलात." लेकीनं मान वळवून यांच्याकडे बघितलं. "मग समजलं," तिकडून आवाज आला. "आई, त्यांना सांग की त्यांच्या तासाला मी मागं बसणार आहे. माझं पुस्तक घ्यायचं नसेल तर घेऊ नका. पण न वाचता, मुलगी आहे म्हणून चार बरे शब्द बोलून पुढं गेलात, तर यापुढं माझं काहीही त्या दुकानात येणार नाही. आणि मीही घरी येणार नाही." लेकीनं हे टपाल पोचवायची गरज नव्हती. ते दारातच उभे होते.

तास म्हणजे काय तेही सांगतो. दरवर्षी संमेलनात एक खोली जावईबापूंच्या नावावर असते. त्यात ते त्या वर्षीची निवडक नवी पुस्तकं एकेक करून उचलतात आणि सांगतात, हे कुणी वाचावं आणि कुणी वाचू नये. त्याला सगळे मामांचा तास म्हणतात. लोक त्यासाठी लांबून येतात, कारण हा माणूस लेखकाचं तोंड बघून बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक.

आता त्यांची कोंडी बघा. पुस्तक गाळावं तर पोरीला वाटणार, बापानं तोंड फिरवलं. घ्यावं तर शेवटपर्यंत वाचायला हवं. आणि त्यांच्यानं ते पान उलटवेना. पुस्तक रोज पिशवीतून दुकानात जायचं आणि रोज परत यायचं. मी बघायचो, ते रिकाम्या फुग्यापर्यंत यायचे, पानाचा कोपरा चिमटीत धरायचे आणि सोडून द्यायचे. मी मात्र दुसऱ्याच दिवशी दुपारी ते वाचून टाकलं होतं. माझं कुठं काय अडतं? त्यांना ते कळलं असावं. एकदा गिऱ्हाईक नसताना त्यांनी विचारलं, "आबा, पुढं माझा चेहरा आहे का?" मी "आहे" म्हणून तोंड उघडलं, तर त्यांनी तळवा वर केला. "नको. सांगू नका. कसा काढला असेल मला माहीत आहे." त्यांना वाटत होतं, पोरीनं राक्षस काढला असणार. मला सांगायचं होतं, फार सांगायचं होतं. पण तो तळवा काही खाली येईना. तोंडात आलेला किस्सा मी जन्मात पहिल्यांदा गिळला, आणि दिवसभर माझं पोट दुखलं.

संमेलनाची जागा म्हणजे धान्याच्या गोदामाएवढा हॉल. मला तिथं जायला जाम आवडतं. कुणी पोलादी माणूस झालेला, कुणी जलपरी, जलपरीला चालता येईना म्हणून तिचा नवरा तिला ढकलगाडीतून नेतोय. एक उंच गडी पाठीला पंख लावून आला होता. त्याला लघवीला जायचं होतं आणि दारातून पंख जाईनात. मी म्हटलं, दे बाबा इकडे, मी धरतो. तो आत गेला, आणि मी पंख घेऊन बाहेर उभा, तर चार जण येऊन माझ्याबरोबर फोटो काढून गेले. एकीनं विचारलं, आजोबा, तुम्ही कोण झालात? मी सांगितलं, दरवान.

नातीचं टेबल कोपऱ्यातल्या गल्लीत होतं. बोटांना शाई, समोर तिच्या पुस्तकांची चळत. मला बघून ती हसली, चहा घेतलात का विचारलं, बसायला स्वतःची खुर्ची दिली. बापाचं नाव काढलं नाही. तेवढ्यात मला गल्लीच्या तोंडाशी जावईबापू दिसले. आत वळले, शेजारच्या टेबलापर्यंत आले, तिथं कुणाचं तरी पुस्तक उगाच हातात घेतलं, ठेवलं आणि माघारी गेले. नात खाली मान घालून कुणाच्या तरी प्रतीवर सही करत होती. तिनं बघितलं की नाही, मला सांगता यायचं नाही. सही मात्र बराच वेळ चालली होती. लेक माझ्या कानाशी म्हणाली, "एका छपराखाली आणलं तरी अजून मीच टपाल."

तासाला खोली भरून गेली. खुर्च्या संपल्या तशी माणसं जमिनीवर बसली. मी आणि लेक पहिल्या रांगेत. नात सगळ्यात मागं, दाराजवळ. जावईबापूंनी सुरुवात नेहमीसारखी केली. एक पुस्तक उचललं, दीपगृहाच्या रखवालदाराचं. "ज्याला घाई आहे त्यानं घेऊ नका. ज्याचं घरात कुणाशी बोलणं होत नाही त्यानं तर अजिबात घेऊ नका, त्याला ते बरं वाटायला लागेल." दुसरं उचललं. "हे मारामारीचं. यात काहीच नाही. पण रंग असे आहेत की भूक लागते. जेवायच्या आधी वाचा." लोक हसत होते, टाळ्या देत होते. माझ्या मात्र लक्षात आलं की एकच पुस्तक ते हातानं सारखं मागं सरकवतायत.

शेवटी टेबलावर तेवढंच उरलं. त्यांनी ते उचलून धरलं.

"हे माझ्या मुलीचं आहे," ते म्हणाले. "मी ते वाचायचं अर्ध्यात थांबवलंय. त्यामुळे याबद्दल मला काही बोलता येणार नाही."

काही जण हसले. त्यांना वाटलं, मामांनी नवा विनोद काढला. हिरवा रंग फासलेला एक जण जमिनीवरून ओरडला, मामा, मी वाचलंय, शेवट सांगू का? यांनी तळवा वर केला तेव्हा हसणं थांबलं. खोलीला कळलं की हे काही वेगळं चाललंय. लेकीनं माझा हात धरला.

मागून नातीचा आवाज आला. कितीतरी वर्षांनी ती टपालाशिवाय बोलत होती. "तासाला अजून वेळ आहे ना? मग वाचा. आम्ही थांबतो."

ते उभेच होते. मग खुर्ची घेतली, चष्मा लावला, ते पान काढलं. कोपरा चिमटीत धरला. आणि उलटलं.

पुढं काय होतं ते मला ठाऊक होतं. हाक न सुचलेली ती मुलगी आधी उकिडवी बसते. मग फरशीवर पालथी पडते आणि डोकं शटरच्या आत घालते. आणि पुढच्या पानावर चेहरा येतो. सगळ्या पुस्तकात पहिल्यांदा. बाप स्टुलावर बसलाय, मांडीवर अंक आहे, आणि तो हसतोय. तोंड उघडं टाकून, डोळे मिटून, हसून हसून गालावर पाणी आलंय. एकेक सुरकुती पोरीनं इतक्या मायेनं काढलीय की बघणाऱ्याला तो माणूस आवडावा. असं हसताना त्यांना घरात कुणी कधी बघितलं नव्हतं. मी नाही, माझ्या लेकीनं नाही. त्याच्या पुढच्या पानांवर पोर मागं सरकते, फ्रॉक झटकते, वळणावरून घरी जाते. आई विचारते. ती म्हणते, येतायत.

खोलीभर माणसं एका माणसाला वाचताना बघत बसली होती. कुणाची तरी प्लास्टिकची तलवार पडली, तर त्यानं ती उचललीसुद्धा नाही. चेहऱ्याच्या पानावर ते फार वेळ थांबले. वर बघतील असं मला वाटलं, पण नाही बघितलं. मग उरलेली पानं उलटली, एकेक करून, शेवटच्या चौकटीपर्यंत. पुस्तक मिटलं. चष्मा काढला आणि तो कुठं ठेवायचा ते त्यांना कळेना, म्हणून हातातच धरला.

हिरव्या रंगवाल्यानं हळूच विचारलं की मामा, मग कुणी वाचावं? त्यांनी ते ऐकलं असं वाटलं नाही. ते मागच्या दाराकडे बघत होते. नात तिथं उभी होती.

"बाबा," ती म्हणाली, "त्या फुग्यात काय असायला हवं होतं?"

त्यांनी माइक हातात घेतला, मग तो बाजूला ठेवला. मी पहिल्या रांगेत होतो, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकला. ते म्हणाले, "फुगा बरोबर आहे. मी त्या वेळी मान वर केली असती तर तुला फुगा काढावाच लागला नसता. मी असाच हसत होतो, चित्रात काही चुकलेलं नाही. आणि हे पुस्तक कुणी वाचावं नि कुणी वाचू नये, ते आज मला विचारू नका, दुसऱ्या कुणाला तरी विचारा."